चारित्र्याचा दाखला: एका विनोदी पटकथेचा माझा अनुभव

एके काळी वाया गेलेल्या म्हणून ओवाळून टाकलेल्या दोन मैत्रिणी पन्नाशीत पुन्हा भेटतात. एक आता अगदी सरळमार्गी, दुसरी अजून तशीच. विनोदी सिनेमासाठी हा विषय आहे असं सांगितलं की समोरचा लगेच हसतो, आणि खरी गोची तिथेच असते. तो हसतो ते कल्पनेला. दहाव्या पानापर्यंत ती कल्पना पुरती वापरून झालेली असते आणि पुढची ऐंशी-नव्वद पानं तशीच कोरी पडलेली असतात.

म्हणून मी सीन लिहायला न घेता आधी एकाच प्रश्नावर बसले: या दोघी भेटतात कशाला? आठवण आली म्हणून, हे कारण सिनेमात चालत नाही. आठवण आली तर माणूस फोन करतो. बॅग घेऊन दारात उभं राहायला गरज लागते, तीही शक्यतो लाजिरवाणी. या जातीचे सिनेमे पुन्हा पाहिले ते एवढंच तपासायला. २००२ च्या ‘द बँगर सिस्टर्स’मध्ये गोल्डी हॉनची सुझेट बारमधली नोकरी गेल्यावर पैशांच्या आशेने जुन्या मैत्रिणीकडे निघते. २०१३ च्या ‘द वर्ल्ड्स एंड’मधल्या गॅरीला बारा पबांची अर्धवट राहिलेली फेरी पुरी करायची असते, आणि दुरावलेल्या मित्राला तयार करायला तो आपली आई गेल्याची चक्क थाप मारतो. दोन्हीकडे मैत्रीचा उमाळा नंतर, आधी स्वतःचं काम.

माझ्या बाईचं काम काय, हे बरेच दिवस सापडत नव्हतं. उधारी, घटस्फोट, आजारपण, सगळं लिहून खोडलं. मग सुचला चारित्र्याचा दाखला. तिला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची नोकरी मिळतेय, फक्त बरीच वर्षं ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला हवा. तिच्या ओळखीत प्रतिष्ठित माणूस एकच: आज मुख्याध्यापिका असलेली, शाळेत ‘मोठ्या बाई’ म्हणून दरारा असलेली जुनी मैत्रीण. आणि तिच्या चारित्र्याबद्दल खरं माहीत असलेली जगातली एकमेव बाईसुद्धा तीच, कारण प्रत्येक भानगडीत ती बरोबर होती. दाखला दिला तर खोटी सही; नाकारला तर ही तोंड उघडणार. एवढं सापडल्यावर वन-लाइन, म्हणजे कथेचा सीनवार आराखडा, भराभर उतरली.

वन-लाइन ऐकवली की जो तो एकच सल्ला द्यायचा: “फ्लॅशबॅक टाक. त्या वयातल्या दोघी दाखव, धमाल येईल.” मी ठाम नाही म्हटलं. माझ्या बाजूने एक जुना दाखला होताच. लॉरेन्स कॅस्डनच्या ‘द बिग चिल’मध्ये (१९८३) कॉलेजचे मित्र एका मित्राच्या अंत्यविधीसाठी जमतात. त्या मेलेल्या मित्राचे, म्हणजे केव्हिन कॉस्टनरचे, जुन्या दिवसांतले प्रसंग चित्रित झाले होते. संकलनात ते काढून टाकले, चेहरासुद्धा ठेवला नाही. तो मित्र कसा होता हे प्रेक्षकाला फक्त इतरांच्या बोलण्यातून कळतं. (कॅस्डनने कॉस्टनरला नंतर १९८५ च्या ‘सिल्व्हराडो’त घेतलं, तेवढीच भरपाई.)

माझा मुद्दा असा: भूतकाळ पडद्यावर दाखवला की तो खरा ठरतो, आणि खरं ठरलं की भांडण संपतं. माझा सगळा विनोद दोघींच्या आठवणी जुळत नाहीत यावर उभा होता. वसतिगृहाच्या भिंतीचा सीन मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा घासला. मोठ्या बाईंची मुलगी समोर बसली आहे.

“आई, तू भिंत चढलीस? रात्री?”

“मी खाली उभी होते. हिला अडवत होते.”

“अडवत? अगं, माझ्या खांद्यावर पाय देऊन तूच वर गेलीस. वण आहे अजून, बघ.”

“ती लशीची खूण आहे.”

“आणि त्या वॉचमनला दादा कोण म्हणालं?”

“...तो होताच मोठा वयाने.”

शेवटच्या वाक्यात त्या कबूल होतात, पण भलत्याच गोष्टीला. फ्लॅशबॅकमध्ये हे करायचं म्हटलं तर एक शिडी आणि दोन तरुण नट्या दिसल्या असत्या, बस्स.

गुडघे, चष्मा, गोळ्यांचा डबा, हे विनोद कुणालाही सुचतात आणि एकेकदाच चालतात. त्यातला चष्मा मी ठेवला, कारण दाखल्याचा मसुदा वाचताना दोघींत मिळून एकच चष्मा असणं कथेला उपयोगी होतं. बाकी कापले.

दुसरी डोकेदुखी म्हणजे बिनधास्त मैत्रीण. तिला टाळ्यांची वाक्यं द्यायचा मोह होतो, पण अर्ध्या तासात ती डोक्यात जाते. माझ्या मते हशा नेहमी जिचं जास्त पणाला लागलंय तिला मिळतो, म्हणून चांगली वाक्यं मोठ्या बाईंकडे वळवली आणि बिनधास्त बाईला खरंच शांत नोकरी हवी आहे असं केलं. ती नियमात राहायला शिकतेय आणि मोठ्या बाईंचे पाय भिंत बघून शिवशिवतायत. संकोची बाई शेवटी सगळ्यांसमोर नाचते आणि ‘मोकळी’ होते, हा ठरलेला सीन त्यामुळे आपोआप गळाला. मला तो कधीच पटला नाही.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी कुरिअर फॉन्टच्या बारा पॉइंटवर बसलेला आहे. देवनागरीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि दोघी एकमेकींचं वाक्य तोडत बोलत असतील तर मुळीच नाही. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचत गेले. लांबी त्यातूनच आटोक्यात आली.

नटांबरोबरचं वाचन मात्र फार शिकवून गेलं. मी पंच म्हणून लिहिलेल्या बऱ्याच जागा शांततेत गेल्या, आणि मोठ्या बाई दाखल्यावर ‘मी हिला चांगली ओळखते’ लिहून पेन थांबवतात, तिथे सगळे खदाखदा हसले. त्या थांबण्यासाठी मी नंतर सीनमधली दोन वाक्यं काढून जागा केली. मुलीचं काम करणाऱ्या नटीने विचारलं, “हिला यातलं काहीच माहीत नाही, हे शक्य आहे का?” प्रश्न रास्त होता. आता मुलीला बरंच आधीपासून ठाऊक असतं आणि ती दोघींना खोटं बोलू देते. इंटरव्हल तिथे आलं.

निर्मात्याने होकार दिला आहे. अडलंय ते शेवटावर. दिग्दर्शकाला दाखल्यावर सही झालेली हवी आहे. मी म्हणते, बाईंनी सही करायला पेन उचललं की समोरचीने कागद ओढून घ्यावा आणि म्हणावं, “राहू दे. आधी माझा तुझ्यावर लिहून घे.” दोन्ही शेवट लिहून दिलेत, वाद चालू आहे.