मास्तरांची पेटी : सातव्या आठवड्यापर्यंतचं काम

अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी काकींनी माझ्या संगीताच्या मास्तरांची घरातली पेटी, म्हणजे हार्मोनियम, माझ्या ताब्यात दिली. मास्तर जाऊन येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. तेव्हापासून ती माजघरात फळीवर बंद होती, वर जुनी सोलापुरी चादर. देताना काकी एवढंच म्हणाल्या, "गणपतीक भजनात वाजाक व्हयी." म्हणजे मुदत भाद्रपदापर्यंत.

पेटी ३९ पट्ट्यांची, सव्वातीन सप्तकांची. दुहेरी सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन पितळी जिभा : नर आणि त्याच्या एक सप्तक खालचा खर्ज, मिळून ७८ सूर. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) नाही, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) नाही. कवच सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या.

पहिले दोन आठवडे साफसफाईतच गेले. पट्ट्यांखाली कुंभारीण माशीने मातीची तीन घरं बांधली होती. ती ओली न करता सुकीच, बांबूच्या काडीने, हळूहळू सोडवली. ओली केली असती तर माती सुरांच्या फटीत उतरली असती. नशीब, वाळवी नव्हती. त्या फळीखाली काकी पावसाळाभर झिरोचा बल्ब पेटता ठेवतात, त्याची ही पुण्याई. पितळेवर मात्र हिरवा कळंक होता. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे, खारं वारं कुठल्याच पितळेला सोडत नाही.

भात्याच्या घड्या तीन जागी फाटल्या होत्या. त्यातल्या एका जागी मास्तरांनीच कधीतरी खळीने कागद चिकटवला होता. पाहिलं तर दशावताराच्या जुन्या हँडबिलाचा तुकडा! अक्षरं पुसली होती, पण 'रात्रौ ठीक' एवढं वाचता येत होतं. तो काढला नाही. त्यावरच नवं कापड सरसाने बसवलं. भाता पूर्ण भरून, एकही पट्टी न दाबता सोडला तर आधी ६ सेकंदांत बसत होता, आता ३१ सेकंद धरतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ३१चा अर्थ कळेल. मी त्या रात्री दोनदा उठून पुन्हा मोजलं.

भात्यावर जास्त वेळ घालवला त्याला कारण आहे. मास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक होते, हिवाळ्यात दशावतारात पायपेटी वाजवत आणि संध्याकाळी पडवीत आम्हाला शिकवत. पहिला महिना ते पट्ट्यांवर बोटं फिरवू देत नसत. एक सा दाबायचा आणि भाता ओढायचा. आवाज मोठा-बारीक झाला की समोरून यायचं, "भरती-ओहोटी दर्यात, भात्यात नको." मी नऊ वर्षांचा होतो. तो सा काळी ४चा, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात सूर लावायला घेतले आणि इथे माझ्या हातून चूक झाली.

मोबाइलवरच्या ट्यूनरला ४४० हर्ट्झचा प्रमाण सूर धरून सगळ्या पट्ट्या मोजल्या. काही जवळपास जाग्यावर, काही पार इकडे-तिकडे. पांढरी १ उणे १५ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पांढरी ४ उणे १७. पांढरी ५ उणे १३. उलट पांढरी ७ अधिक १४, पांढरी ३ अधिक १२, पांढरी ६ अधिक ११. मी म्हटलं, इतकी वर्षं दमट हवा खाल्लेली पेटी, उतरणारच. मध्य सप्तकातल्या पांढरी १चा नर सूर काढला, टोकाला घासून १५ सेंट वर आणला. मग त्याचा खर्ज काढला आणि तोही वर आणला. तिसरा, तार सप्तकातला, काढून भिंगाखाली धरला तेव्हा हात थांबला.

नव्यांसाठी सांगतो. पितळी जीभ टोकाशी घासली की हलकी होते आणि सूर चढतो. रिव्हेटजवळ मुळाशी घासली की लवचीक होते आणि सूर उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, प्रत्येक दुरुस्तीत जीभ थोडी झिजतेच. तर या सुराच्या मुळाशी बारीक समांतर ओरखडे होते, जुने, काळवंडलेले. अर्ध्या ब्लेडचे. मास्तर सूर लावायला दाढीचं ब्लेड मोडून त्याचा अर्धा भाग वापरत, ते मी पाहिलेलं आहे. आणि हवेने उतरलेला सूर मुळाशी ओरखडा ठेवत नाही.

मग सगळे ७८ सूर एकेक करून भिंगाखाली घातले. त्यात दोन आठवडे गेले. पांढरी १, ४ आणि ५, प्रत्येक सप्तकात, नर आणि खर्ज दोन्हींना, ओरखडे मुळाशी. पांढरी ३, ६ आणि ७, प्रत्येक सप्तकात, ओरखडे टोकाशी. काळ्या पट्ट्यांना जवळपास काहीच नाही. पेटी बिघडलेली नव्हती. कुणीतरी बसून, ठरवून ती तशी लावलेली होती.

वहीवर काळी ४ला सा धरलं आणि आकडे पुन्हा मांडले. काळी ४ स्वतः उणे २ होती, ते सगळ्यांतून वजा केलं. काळी ४चा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी १, तो उणे १३. धैवत म्हणजे पांढरी ४, उणे १५. निषाद पांढरी ५, उणे ११. कोमल गंधार पांढरी ७, अधिक १६. कोमल धैवत पांढरी ३, अधिक १४. कोमल रिषभ पांढरी ६, अधिक १३. आता ट्यूनरची, सप्तकाचे समान बारा भाग करणारी मोजपट्टी बाजूला ठेवा आणि नैसर्गिक स्वरांचे, म्हणजे सा शी साध्या गुणोत्तरात बसणाऱ्या स्वरांचे आकडे घ्या : ५:४चा गंधार उणे १४, ५:३चा धैवत उणे १६, १५:८चा निषाद उणे १२, ६:५चा कोमल गंधार अधिक १६, ८:५चा कोमल धैवत अधिक १४, १६:१५चा कोमल रिषभ अधिक १२. मास्तर एका सेंटच्या फरकाने तिथे पोचले होते. मोबाइल नाही, ट्यूनर नाही, फक्त कान आणि अर्धं ब्लेड.

कानाने हे कसं जमतं तेही लिहितो. मंद्रातली काळी ४ सुमारे २०७.६५ हर्ट्झची. बाजारी पेटीचा त्यावरचा गंधार २६१.६३चा. दोन्ही एकत्र दाबले तर सा चा पाचवा आणि ग चा चौथा उपस्वर (मूळ सुराच्या पाचपट आणि चौपट कंपनांचे सूर) एकमेकांना घासतात आणि सेकंदाला सुमारे ८ लहरी, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. गंधार २५९.५६वर आणला की त्या लहरी थांबतात, सूर सपाट होतो. फरक जेमतेम २ हर्ट्झचा. मास्तर सा दाबून ठेवत, दुसऱ्या हाताने गंधार, डोळे मिटलेले, भाता काकी ओढत असत. लहर थांबली की मान हलायची.

पेटीवर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत राहिली. ठरलेल्या स्वरांतून आपला गंधार निघत नाही, हा त्यामागचा एक आक्षेप होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी त्याच्याही कितीतरी आधी श्रुतींची, म्हणजे बारा स्वरांहून सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी करून पाहिली होती, आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली. हे सगळं मी वाचलेलं होतं. आपण शिकलो ती पडवीतली पेटीसुद्धा त्याच प्रश्नाला दिलेलं एक उत्तर आहे, हे मात्र मला सूर घासायला घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. मास्तरांनी आम्हाला कधी सेंट किंवा श्रुती म्हणून काही सांगितलं नाही. वर्षभर भूप दिला. काळी ४च्या भूपात सा, रे, प काळ्या आणि ग, ध पांढऱ्या. बरोबर त्या दोनच पांढऱ्या, ज्या त्यांनी उतरवल्या होत्या. "गंधारार रव," म्हणायचे, "घाय करू नको." आम्ही तिथे थांबायचो आणि थांबावंसंच वाटायचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेच्या परीक्षेला एसटीने गेलो, तिथल्या पेटीवर तोच भूप गायलो आणि गंधार मला टोचला. मला वाटलं, मी घाबरलोय.

आता एक गोष्ट जी मी तीस वर्षं कुणाला बोललो नाही. चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला. काळी ४ला वर पोचेना. मी याच पेटीवर काळी १ला सा धरून बसलो. मास्तर आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आता तू त्या पेटीर बस. ही आता तुझी नाय." आणि पायपेटीकडे बोट दाखवलं. घरातल्या पेटीवर माझ्याहून लहान मुलं बसली. मला ते फार लागलं. आवाज गेला म्हणून उठवलं, असं मी मनात धरून बसलो. शिकणं सोडलं नाही, पण त्या पेटीला पुन्हा हात लावला नाही.

पाचव्या आठवड्यात, दुरुस्ती अर्धवट असताना, मी या पेटीवर काळी १ला सा धरून भूप वाजवून पाहिला. काळी १चा गंधार पांढरी ४. त्या पट्टीत तो जवळपास बरोबर बसतो. पण धैवत, म्हणजे काळी ५, गंधारावर, म्हणजे पांढरी ४वर धरला की भांडतो. पुढे यमन घेतला तर निषादाची पांढरी १ आणि तीव्र मध्यमाची पांढरी ५, दोन्ही ठीक, पण धैवत तिथेही गंधाराशी भांडतो. काळी ४वर ही पेटी एकसंध आहे, इतर पट्ट्यांवर ती कुठे ना कुठे खोटं बोलते. पायपेटी मात्र कारागिराने लावलेली, समान बारा भागांची, प्रत्येक पट्टीवर सारखीच चालणारी. मोठ्या माणसांचं गाणं त्यावर आणि कोवळ्या आवाजांचं या पेटीवर. कानात पहिल्यांदा पडेल तो गंधार खरा असावा म्हणून त्यांनी एक अख्खी पेटी फक्त लहान मुलांच्या पट्टीला बांधून टाकली होती.

काकींना विचारलं. तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ती पोरांची पेटी. भजनाक नेऊची नाय म्हणान माका ताकीद होती." मग थोड्या वेळाने, "पण आता कोण नाय रे सांगूक. ने तू गणपतीक."

सध्याची स्थिती अशी : मी वर चढवलेले पांढरी १चे दोन सूर मुळाशी घासून खाली आणले, तार सप्तकातल्या त्यांच्या भावंडाशी जुळवून. लहर थांबते. पण त्या दोन जिभांना आता टोकाला माझे चकचकीत ओरखडे आहेत आणि ते तिथेच राहणार. मंद्रातल्या काळी ५चा खर्ज तुटला होता, तिथे जुन्या पेटीतला सूर बसवून तो काळी ४च्या हिशोबाने लावला. चामड्याच्या ३९ गाद्यांपैकी २२ बदलल्या. बाकीच्या १७ला अजून नरमपणा आहे, त्या ठेवतोय. कमान्या साफ केल्या. पुढच्या दोन आठवड्यांत उरलेला कळंक निघेल.

एका गोष्टीवर अडलोय, तिथे तुमचा कान हवा. काळी ३, म्हणजे काळी ४चा कोमल निषाद. मंद्रात तो उणे ४ लागलेला आहे, म्हणजे १६:९च्या जागी. मध्य सप्तकात अधिक १७, म्हणजे ९:५च्या जवळ. काळ्या पट्ट्यांत घासलेली हीच एक. मध्य सप्तकातल्या काळी ३ला ओरखडे टोकाशी आहेत आणि मुळाशीही आहेत. कितीतरी वेळा वर-खाली केलेली दिसते. तिथली जीभ इतर सगळ्यांपेक्षा पातळ झालीय. शेवटपर्यंत त्यांचं तिथे ठरत नव्हतं, की दोन सप्तकांत दोन निषाद त्यांना हवेच होते? ज्यांनी आपली पेटी एका पट्टीला बांधली आहे त्यांनी कोमल निषाद कुठे ठेवलाय ते सांगा. तोवर काळी ३ला मी ब्लेड लावत नाही.