मूळ वॉशिंग्टन

परवा लेकीला घेऊन वॉशिंग्टनला जाऊन आले. अमेरिकेतलं नव्हे, ईशान्य इंग्लंडमधलं, संडरलंडजवळचं. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाच्या जमीनदाराने आपलं हर्टबर्न गाव देऊन इथलं वेसिंग्टन, म्हणजेच आजचं वॉशिंग्टन, घेतलं आणि तो विल्यम द वेसिंग्टन झाला. गाव बदललं तसं आडनावही बदललं! तो 'द' म्हणजे फ्रेंचमधला 'चा'. आपला 'कर' गावाच्या नावानंतर लागतो, त्यांचा 'द' नावाआधी.

तिथलं ओल्ड हॉल, म्हणजे या घराण्याच्या वाड्याच्या जागेवरचं घर, आज दिसतं ते बरंचसं सतराव्या शतकातलं. पण स्वयंपाकघर आणि मोठ्या दालनामधल्या दोन दगडी कमानी जुन्या वाड्याच्या आहेत. हात लावून पाहिला. गार, खरखरीत दगड.

पुढे घराण्याची एक शाखा दक्षिणेला गेली. लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये नॉर्थम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह विकत घेतलं. त्याच्या वंशातला जॉन व्हर्जिनियात गेला; जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू. घराण्याच्या ढालीवरचे दोन तांबडे पट्टे आणि तीन चांदण्या आज अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहेत.

आमच्या आडनावातलं गाव पणजोबांनी सोडलं, मी ते अजून पाहिलेलं नाही. डिसेंबरात भारतात येतेय, तेव्हा लेकीला घेऊन आधी तिथेच जाणार.