सोलापूरच्या कोरड्या हवेत सायलेन्सर का गंजतो, आणि गंजल्यावर काय करायचं

सोलापुरात पाऊस तो केवढा, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी नवी पेठेत ओळीने उभ्या असलेल्या दुचाकी गाड्यांकडे जरा वाकून बघा. बेंड पाइपाच्या (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळाच्या) मागच्या अंगाला तांबूस पापुद्रे, मफलरच्या (मागच्या जाड नळकांड्याच्या) खालच्या शिवणीवर फोड, आणि त्यावर कुणीतरी घाईघाईने मारलेला चंदेरी रंग.

गंजाला लागणारं पाणी बहुतेक वेळा आभाळातून येत नाही, इंजिनातून येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी तुळजापूरला जाऊन आली तर सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि वाफ बाहेर निघून जाते. पण घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत मफलर तापायच्या आत इंजिन बंद होतं. वाफेचं आतच पाणी होतं, जळणातून आलेली थोडी आम्लं त्यात विरघळतात आणि ते तळाशी साचून राहतं. म्हणून घरच्या घरी फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाणाऱ्या गाडीच्या आधी जातो. किलोमीटर कमी म्हणजे सायलेन्सर नवा, हा हिशेब इथे चालत नाही.

हे पाणी निघून जावं म्हणून बऱ्याच मफलरना खालच्या बाजूला ३-४ मिलिमीटरचं बारीक भोक दिलेलं असतं. काजळी आणि चिखलाने ते बुजतं. कधीकधी तर वेल्डिंगवाला 'लीक आहे' म्हणून तेच भोक भरून टाकतो. सायकलच्या जुन्या स्पोकने ते महिन्याकाठी मोकळं करा.

बाहेरून लागणाऱ्या गंजाची कारणं आपल्याकडची खास आहेत. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने गाडी धुतली आणि तशीच वाळू दिली की पांढरे डाग राहतात, आणि तेच क्षार पुढे हवेतली ओल धरून ठेवतात. तापलेल्या सायलेन्सरवर थंड पाण्याचा फवारा मारला की रंगाला बारीक तडे जातात. वॉशिंगवाल्याने प्रेशरची नळी थेट सायलेन्सरच्या तोंडात धरू नये, एवढं आपण उभं राहून बघायचं. धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल फवारतात, तेही सायलेन्सरवर नको. बेंडवर ते जळून तपकिरी होतं आणि धूळ धरतं.

शेतावर जाणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. मागे पोटॅशचं पोतं बांधलं की त्याची भुकटी मफलरवर पडते. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड आहे, लोखंडाला मिठाइतकंच वाईट. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतलं बोर्डो मिश्रण सांडलं तर त्यातल्या मोरचुदाचं तांबं लोखंडावर बसतं आणि तिथे गंज झपाट्याने वाढतो. काळी माती तर बेंडच्या मागे एकदा लिंपली की आठवडाभर ओल सोडत नाही. त्या दिवशीच्या त्या दिवशी साध्या पाण्याने धुऊन पाच-दहा मिनिटं गाडी चालवली की निम्मं काम होतं.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मफलरवर एकाच जागी, वरून ओघळ आल्यासारखा गंज दिसला तर बॅटरी बघा. पाणी घालायच्या बॅटरीला ओव्हरफ्लोची बारीक रबरी नळी असते. ती निसटली किंवा दबली की अ‍ॅसिड खाली टपकतं. नळी जागेवर बसवल्याशिवाय केलेला कुठलाही रंग वाया.

आता गंज कितपत गेलाय ते आधी ठरवा. गाडी थंड असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मफलर सगळीकडून वाजवत जा. पत्रा चांगला असेल तिथे खणखणीत वाजतो, सडलेला असेल तिथे बद्द. बद्द वाजणाऱ्या जागी टोक थोडं दाबा. पत्रा आत जात असेल तर तिथे रंगाचा प्रश्नच उरत नाही. मग मफलर हाताने हलवून बघा. आत खडखड आली तर आतली जाळी किंवा पडदा सुटलाय. शेवटी थंड इंजिन चालू करून जाड ओल्या फडक्याने मागचं तोंड सेकंदभर दाबा. फुसफुस कुठून येते ते लगेच कळतं. लीक असलेल्या सांध्याभोवती काळी काजळीही दिसते.

सायलेन्सर लीक आहे म्हणजे फक्त आवाज वाढतो असं नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बेंडजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. इंजिन आणि सेन्सर यांच्या मध्ये लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि मालक इंजेक्टर साफ करत बसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हेच लीक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फाटफाट आवाजाने कळतं.

बेंड क्रोमचा असेल तर हात आवरा. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, त्याखाली निकेल, त्याखाली लोखंड. बारीक छिद्रांतून गंज वर येतो आणि ठिपके दिसतात. इथे ८० नंबरचा पॉलिश पेपर चालवला की क्रोम गेलाच म्हणून समजा. डब्यात पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, तिचा बोळा करून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, चरे पडत नाहीत. काळसर लगदा निघेल, तो पुसत जायचं. हट्टी ठिपक्यांना पितळी तारेचा ब्रश, लोखंडी नको. संडास धुवायचं अ‍ॅसिड लावायचा सल्ला चौकाचौकात मिळतो. ते हायड्रोक्लोरिक असतं, गंजाबरोबर क्रोमही विरघळवतं, आणि नीट धुतलं नाही तर दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त गंज चढतो. फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं रस्ट रिमूव्हर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, घ्यायचंच तर ते घ्या, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. हेडजवळचा, म्हणजे बेंड इंजिनाला जोडतो तिथला, निळा-सोनेरी रंग म्हणजे गंज नव्हे, तो उष्णतेचा आहे. त्याच्या मागे लागू नका.

क्लॅम्प, नट, हीट शील्डच्या लोखंडी पट्ट्या अशा सुट्या वस्तूंना किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, चार-पाच तास बुडवून ठेवा, ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. क्रोमच्या वस्तू आणि अख्खा मफलर यात बुडवू नका.

काळ्या किंवा रंगवलेल्या सायलेन्सरचं काम गाडीवर ठेवून नीट होत नाही, उतरवावाच लागतो. आणि खरी जोखीम उतरवण्यातच आहे. हेडला बेंड धरून ठेवणारे दोन स्टड (हेडमध्ये रुतवलेले आट्यांचे दांडे) वर्षानुवर्षं तापून-निवून नटाशी एकजीव झालेले असतात. जोर केला की स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटतो. मग ड्रिल मारा, आटे पाडा, हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवा, आणि लेथवाल्याकडे चकरा. म्हणून आदल्या रात्री थंड इंजिनवर गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने द्या, मग सोडवायच्या. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, पुन्हा स्प्रे. रिंग पाना किंवा बॉक्स पानाच वापरा, फिक्स पाना नटाचे कोपरे खातो. ऑक्सिजन सेन्सर असेल तर वायरचा कपलर आधी काढा, वायर पिळू देऊ नका.

उतरवल्यावर आधी तेलकटपणा काढायचा, मग गंज. हा क्रम उलटा केला की तेल घासून पत्र्यात मुरतं आणि रंग तिथूनच सुटतो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, थिनरने पुसा. मग ड्रिलला तारेची वाटी लावून सुटे पापुद्रे काढा, ८० नंबरचा पेपर, त्यावर १२०, शेवटी २२०. खड्ड्यांच्या तळाशी काळा ठिपका राहिला तर चालेल, तांबूस पूड राहता कामा नये. पुन्हा थिनर, स्वच्छ फडकं, आणि यानंतर उघडा हात लावायचा नाही.

रंग हीट रेझिस्टंटच हवा, डब्यावर ६०० अंश लिहिलेला. जोरात चालवलेल्या गाडीचा बेंड हेडजवळ ३००-४०० अंशांपर्यंत सहज जातो. गेटाला मारायचा सिल्व्हर पेंट तिथे आठवडाभरात जळतो. "रेडऑक्साइड मारून वर सिल्व्हर मारतो की ओ, दोन वर्षं बघायला नको" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. रेडऑक्साइड एवढी उष्णता सोसत नाही. तो खालून फुगतो आणि वरचा चांगला रंगही घेऊन पडतो. या रंगाखाली प्राइमर नकोच, कंपनीने त्याच जातीचा दिला असेल तरच.

४०० मिलिलिटरचा एक स्प्रे कॅन एका गाडीला पुरतो. २०-२५ सेंटिमीटरवरून तीन पातळ हात, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं. पहिल्या हातात पत्रा झाकला गेला पाहिजे असा हट्ट नको, जाड थर तापल्यावर फोड धरतो. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम काढू नका. उन्हात पत्रा हात लावू देत नाही, रंग हवेतच वाळून भुकटी होऊन बसतो आणि बोट फिरवलं की खरखर लागते. उन्हाळ्यात करायचंच तर सकाळी आठच्या आत, सावलीत. थंडीचे महिने सगळ्यात चांगले.

रंग दिवसभर वाळला तरी तो पक्का झालेला नसतो, तापल्यावरच होतो. सायलेन्सर बसवून इंजिन पाच मिनिटं आयडलला चालवा, पूर्ण थंड होऊ द्या. मग दहा मिनिटं, पुन्हा थंड. मग अर्धा तास गाडी चालवा. धूर आणि वास येईल, म्हणून हे उघड्यावर करा. ही तापवणी होईपर्यंत पाणी, पेट्रोल, फडकं काही लावू नका. बहुतेकांचा रंग उडतो तो इथेच घाई केल्यामुळे.

भोक पडलं असेल तर एमसील किंवा तत्सम पुट्टी भरू नका, ती उष्णतेत टिकत नाही. छोट्या भोकाला वेल्डिंग चालतं, पण बेंडचा पत्रा साधारण एक-दीड मिलिमीटरचा. जाड रॉडच्या आर्क वेल्डिंगने भोक बुजायच्या ऐवजी मोठं होतं. गॅस किंवा सीओटू वेल्डिंगवाला शोधा, कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायला सांगा आणि त्यावर पट्टी बसवा. वेल्डिंग नेहमी सायलेन्सर गाडीवरून उतरवून, सेन्सर काढून. काही बेंड दुहेरी असतात, बाहेरचा पाइप दिखाऊ आणि आतला कामाचा. तिथे बाहेरचा कुजला तरी आतला शाबूत असू शकतो, त्यामुळे नवा घ्यायच्या आधी फुसफुस तपासाच. मफलरची शिवण हातभर लांब उसवली असेल किंवा आत खडखड असेल तर मात्र पैसे वेल्डिंगवर घालू नका, नवा आणा. आणि वेल्डिंगवाल्याने 'आतली जाळी काढून टाकू का' विचारलं तर नाही म्हणा. आवाज वाढतो, पोलीस पकडतात, आणि कॅटकॉन (विषारी धूर कमी करणारा भाग) काढला तर पीयूसीतही गाडी अडते.

बसवताना हेडमधलं जुनं पॅकिंग फेकून द्या. ती गोल रिंग एकदा दबली की दुसऱ्यांदा बसत नाही. जुनी आत चिकटलेली असते, टॉर्च मारून बघा, नाहीतर दोन रिंगा एकावर एक बसतात. स्टडला कॉपर ग्रीसचा बारीक हात. हेडचे नट आणि मागचा माउंटिंग बोल्ट आधी सगळे हाताने, मग हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आणि मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. मागचा आधी आवळला तर बेंड ताणात राहतो आणि काही महिन्यांत वेल्डिंगच्या जोडाशी चीर पडते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, गाडी थंड असताना, हेडचे नट एकदा पुन्हा तपासा. नवं पॅकिंग दबतं, नट किंचित सैल पडलेले असतात.