तुम्ही विचारलंत म्हणून: खिडकी इतकी खाली कशाला हवी?

शाळेच्या खोलीतली खिडकी जमिनीवर बसणाऱ्या पोरांच्या उंचीला हवी, असं मी शिक्षक म्हणून सांगत असतो. मग पालकसभेत, शिक्षण परिषदेत, अगदी लग्नाच्या पंगतीतही मला विचारतात: "सर, पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही खिडक्या-भिंतींचं काय घेऊन बसलात?"

वाचता येत नाही, म्हणूनच घेऊन बसलोय.

आमच्या धुळे जिल्ह्यात मार्चपासूनच ऊन चटके देतं. शाळा सकाळची केली तरी सुटेपर्यंत पत्रा तापतो आणि खोलीची भट्टी होते. खिडकी जमिनीपासून तीन फुटांवर. वारा येतो, पण खुर्चीवर बसलेल्या मला लागतो. पहिलीतलं पोर सतरंजीवर. त्याचं डोकं खिडकीच्या कट्ट्याच्याही खाली. घामाने वहीचं पान हाताला चिकटतं, पोर चुळबुळतं आणि आपण शेरा मारतो: लक्ष नाही. जाड मातीच्या भिंती नि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, घालणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना उन्हाचं गणित कळत होतं. शाळा बांधताना ते कुठे गेलं?

फळ्याचंही तेच, तो मास्तरांच्या उंचीला. एका खोलीत आम्ही भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवला. घरी अहिराणी बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी एक पोरगी तिथे बसून बैलगाडी काढू लागली. मग 'गाडं' कसं लिहायचं, हे विचारायला स्वतःहून आली.

वास्तुविशारद कबीर वाजपेयींच्या 'बाला' (बिल्डिंग अ‍ॅज लर्निंग एड) या कल्पनेत इमारत हेच शिकण्याचं साहित्य. दार उघडतं तिथे फरशीवर कोन आखले की भूमिती रोज पायाखाली येते. आपल्याकडे या कल्पनेचं बऱ्याचदा नुसतं रंगकाम होतं. भिंतीवर आगगाडी येते, खिडकी आहे तिथेच राहते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकागणिक खोली, स्वच्छतागृह, पाणी, मैदान बंधनकारक केलं, ते मोलाचंच आहे. पण खोली आतून कशी असावी, हे आपणच मागायला हवं.

म्हणून गावाला नवी खोली मंजूर झाली की शाळा व्यवस्थापन समितीने पाया खणण्याआधी अभियंत्यांना गाठावं. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या, कट्टा दीड फुटावर, बाहेरून गज. पश्चिमेला ओटा आणि सावली. छताला पांढरा लेप. हे सगळं नकाशात लिहून घ्यावं. स्लॅब पडल्यावर दिलेला अर्ज फाइलीतच राहतो.