मशीन चालू, मांडी ढिम्म

"मशीन रोज न चुकता लावतो, पण मांडी काही हलत नाही," काकांची तक्रार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे नेहमीचंच. सूज आणि दुखण्यामुळे मज्जारज्जूच मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा आदेश दाबून धरतो. माणूस मनापासून जोर लावतो, स्नायू ढिम्म. म्हणून मुलाने स्नायूंना करंट देणारं मशीन ऑनलाइन मागवलेलं.

मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले होते. टाके निघालेले, जखम कोरडी. पॅड मात्र गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना, जिथे दुखतं तिथेच. मोड टेन्सचा, म्हणजे दुखणं दाबणारा. मुंग्या येणार, दुखणं थोडं दबणार, स्नायूला पत्ताही नाही. त्यात पॅड वाळून कडा सुटलेल्या. जेवढा भाग चिकटतो तेवढ्यातूनच सगळा करंट जातो आणि टोचतं. मग काका करंटचा आकडा वाढवणार कसे?

नवे पॅड घेतले. एक मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला, दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या फुगीर भागावर. ईएमएस, म्हणजे स्नायू आवळणारा मोड, ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० झटके), १० सेकंद करंट, ३० सेकंद विश्रांती. हळूहळू आकडा वाढवला. आधी मुंग्या, मग हलकी ओढ, आणि एकदम मांडीचा गोळा टणक झाला, वाटी वर सरकली.

"अगं, हे मी नाही केलं!"

"आता तुम्हीही करायचं. करंट आला की गुडघा गादीत दाबा." नुसतं पडून राहण्यापेक्षा हे बरं, जाहिराती काहीही म्हणोत.

काकू कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, "यांचं झालं की माझ्या डाव्या खांद्याला लाव गं. पेसमेकर बसवल्यापासून आखडलाय."

मी मशीन बंदच केलं. पेसमेकर कॉलरच्या हाडाखाली, खांद्यापासून हातभरही लांब नाही. मशीनचे झटके म्हणजे हृदयाचेच ठोके, असं त्याला वाटू शकतं, आणि मग गरज असूनही तो ठोका देत नाही. माहितीपत्रकात ही सूचना होती. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं.

"अगंबाई! काल रात्री लावणारच होते. पण मेलं ते चालू कुठून करायचं, तेच कळेना."

हृदयरोगतज्ज्ञांना विचारून खांद्याचे व्यायाम सुरू करू, मशीनला हातही लावायचा नाही, असं ठरलं.