कार्ड आण्णांचं, गोळ्या दर महिन्याच्या

आमच्याकडे सातारा जिल्ह्यात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत एक प्रश्न कायमचा होऊन बसलाय, ‘कार्ड काढलं का?’ कार्ड म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड. वय सत्तर किंवा जास्त असलं की उत्पन्न कितीही असो, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे मोफत उपचार. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही सोय सुरू झाली. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, पंच्याहत्तरी ओलांडलीय. त्यांचं कार्ड काढायला मी पुण्याहून गावी गेले. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीसाठी सरकारनं काय काय करून ठेवलंय ते त्यानिमित्तानं जवळून बघायला मिळालं. त्यातलं सगळ्यात मोलाचं कार्डाच्या आधीच घडतं, आणि त्याची चर्चा पारावर होत नाही.

कार्डासाठी आधार हा एकच कागद लागतो. आण्णांचा अंगठा यंत्रावर उमटेना. जन्मभर खुरपं आणि दोर धरलेले हात, रेषाच राहिल्या नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला होता, म्हणून ओटीपीचाही उपयोग नाही. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटली आणि काम झालं. ज्यांचे अंगठे जुळत नाहीत त्यांनी केंद्रावर चेहऱ्याच्या ओळखीचं जरूर विचारावं.

आईचं मात्र अडलं. ती आण्णांपेक्षा तीनेक वर्षांनी लहान, म्हणजे सत्तरीच्या पुढचीच. पण आधारवर तिचं वय अडुसष्ट. कुणीतरी कधीतरी अंदाजानं १ जानेवारी ही जन्मतारीख टाकून दिलेली. शाळेत ती गेलीच नाही, त्यामुळे दाखला नाही, आणि कार्डाला वय धरतात ते आधारवरचंच. गावोगावच्या किती बायका अशा कागदावर तरुण राहिल्या असतील! तिला भरवसा आहे तो राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०२४ पासून ती शिधापत्रिकेचा रंग न बघता सगळ्यांना लागू झालीय आणि तिथली मर्यादाही ५ लाखच आहे.

कार्ड हातात आल्यावर आण्णा खूश. “आता गोळ्या-औषधाला पैसं लागायचं न्हाईत,” म्हणाले. केंद्रावरच्या मुलानं तिथंच समजावलं, “आजोबा, हे ॲडमिट झाल्यावरचं हाय.” खरंच तसं आहे. भरती झालात तर आधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं त्यात धरतात. रोजची बीपीची गोळी, साखर तपासणं, ओपीडी, यातलं काही नाही. आणि सत्तरीच्या माणसाला भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून जे करायचं असतं, ते नेमकं एवढंच असतं.

ते आमच्या घरी आणलं आशाताईंनी. हातात मोजपट्टी आणि सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका आधीच ओळखायच्या प्रश्नांचा फॉर्म. तिशीपुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. बाईच्या कंबरेला ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाच्या ९० च्या पुढे गुण चढायला लागतात. आईनं पदर आवळून धरला होता. आशाताई म्हणाल्या, “काकू, सैल सोडा की, परीक्षा न्हाय ही.” मग मिश्रीचं विचारलं. आई गप्प. आमच्या भागात बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत, दात घासायचं साधन मानतात. आशाताईंनी न रागावता ‘तंबाखू - हो’वर खूण केली. चूल किती वर्षं फुंकली तेही लिहून घेतलं, कारण धुरानं फुप्फुसं बिघडतात.

मला त्या फॉर्मातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटला तो साठीपुढच्या माणसांसाठीचे प्रश्न. उभं राहताना, चालताना तोल जातो का? रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतं का? असले प्रश्न आम्हा मुलांकडून कधी विचारलेच जात नाहीत, ‘कशी आहेस’ एवढ्यावर फोन संपतो. तोल जातो का म्हटल्यावर आई म्हणाली, “जातो की. संध्याकाळी उंबरा दिसत न्हाई.” दोनदा ती परसात पडली होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं काम उपकेंद्रात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम वयानं लहान, पण कामाला पक्क्या. आण्णांना आधी थोडा वेळ शांत बसवलं, मग दोन वेळा बीपी घेतलं. दोन्ही वेळा १६०च्या वर. उभं करून पुन्हा एकदा मोजलं, कारण या वयात उठताना बीपी खाली येऊन चक्कर येते आणि गोळी ठरवताना ते कळावं लागतं. आईची साखर वाढलेली निघाली. तिच्या तोंडात टॉर्च मारून गालाच्या आतून, जिभेखाली नीट पाहिलं. डाग नव्हता. मिश्री बंद करा आणि तोंड पुन्हा दाखवायला या, असं बजावलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी आण्णांना बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि आईला साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू केलं. महिन्याच्या गोळ्या मोफत, वहीत नोंद.

यानंतर खरी कसोटी लागली. आण्णांचं म्हणणं, “मला काय हुतंय? डोकं दुखत न्हाय, काय न्हाय.” बीपी दुखत नाही, हाच त्याचा धोका. त्यातच त्यांच्या घोट्यांना सूज आली. गोळीनं पाय सुजले असं ठरवून त्यांनी ती परस्पर बंद केली. निदान बरोबर होतं, ॲम्लोडिपिननं अशी सूज येऊ शकते. पण डॉक्टरांना सांगितलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती. हे कळलं ते आशाताई गोळ्यांचं पाकीट बघायला घरी आल्या म्हणून. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली, सूज उतरली आणि पुढे बीपी १४०च्या खाली आलं. माणूस दवाखान्यात आला नाही तर त्याच्या दारात जाणारं कुणी असणं, हे मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं वाटतं.

मध्ये एकदा केंद्रात आईच्या गोळ्याच संपल्या होत्या. पुढच्या आठवड्यात या, असं उत्तर मिळालं. आम्ही जनऔषधी दुकानातून घेतल्या, स्वस्तात मिळाल्या. पण ज्यांना तालुक्याला जाऊन आणणारं कुणी नाही, त्यांची गोळी तिथंच सुटते आणि महिनोन् महिन्यांची मेहनत वाया जाते. याचा मला मनापासून राग आला आणि तो मी तिथं लेखी दिला.

आईच्या उंबऱ्याचं कारण मोतीबिंदू होतं, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, भिंगासकट. पण वाढलेल्या साखरेवर डॉक्टर डोळ्याला हात लावेनात, आधी ती आटोक्यात आणा म्हणाले. तेव्हा आईला मेटफॉर्मिनचं महत्त्व पटलं, तोवर ती एक दिवसाआड घेत होती. साखर उतरली, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर काही आठवडे थेंब घालायचे, डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. शेवटचं पाळून घेणं सगळ्यात अवघड गेलं. आता उजेड कमी झाला तरी ती उंबरा बघून ओलांडते. डावा डोळा बाकी आहे. मिश्री दोन वेळची एक वेळ झालीय.

जाण्यायेण्याचं म्हणाल, तर एसटीनं मोठा हातभार लावला. पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत म्हणून आण्णांना तिकीट नाही, आईला अर्धं. घरातून कुणी पैसे काढून देण्याची वाट न बघता दोघं आपली आपण केंद्रात जातात. या वयात त्याचं मोल फार आहे.

एक अडचण अजून आहे. गोळ्या ज्या दिवशी मिळतात, त्या दिवशी आमच्या गावाहून सोयीची गाडी नसते. बाजाराच्या दिवशी मात्र गाड्या भरून जातात आणि सगळी म्हातारी माणसं तिकडेच असतात. बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्यावाटप बाजाराच्या दिवशी ठेवा, असा अर्ज आम्ही काही जणींनी ग्रामसभेत दिलाय. आशाताईंनी त्यावर पहिली सही केली, आण्णांनी दुसरी. ठराव झाला की प्रत घेऊन मी स्वतः डॉक्टरांना भेटणार आहे.