२८ फेब्रुवारीची भुतं

आमच्या शाळेत रक्त हळदीचंच व्हायचं. सांगलीत दुसरं कशाचं करणार? मार्केट यार्डाकडची पोरं दप्तरातून हळकुंडं आणायची, चुना पानपट्टीवरून यायचा. विज्ञान दिनाच्या आदल्या संध्याकाळीच प्रयोगशाळेतल्या बरणीत चुन्याची निवळी तयार असायची. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. निबंध, भाषणं, रांगोळ्या आमच्याकडेही असत. पण ती सगळी दुपारच्या सुट्टीपर्यंत उरकून घ्यायची, कारण नंतर भुतं यायची.

गॅदरिंगचे काळे पडदे हॉलच्या खिडक्यांना लागायचे. पाचवीची मुलं पुढे सतरंजीवर, नववीतला कुणीतरी आजोबांचं घोंगडं पांघरून मांत्रिक. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या फडक्यावर निवळीचा ओला पंजा उमटवला की लालभडक! लिंबू कापायच्या सुरीला आधीच मिथिल ऑरेंज, म्हणजे आंबटाने लाल होणारा रंग, चोळून ठेवलेलं असायचं. एका वर्षी ती बाटली रिकामी निघाली, तर सरांनी आवारातली जास्वंद सुरीवर घासली. लिंबातून असं रक्त आलं की मिथिल ऑरेंजची कुणाला आठवणही राहिली नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे चुन्याने गुलाबी होणाऱ्या बिनरंगी द्रवाने काढलेला, हात मला जास्त आवडायचा. पांढऱ्या कापडावर काहीच दिसत नसे. निवळीचा फवारा मारला की गुलाबी हात उगवायचा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याला गिळत जाई तसा थोड्या वेळाने पुसट होत विरून जायचा.

नारळ मात्र सरच पेटवायचे. शेजारी वाळूची बादली आणि ओलं पोतं, पहिली रांग मागे. शेंडीत पोटॅशियम परमँगनेट, वरून ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन. मांत्रिकाने तोवर मंत्र म्हणत राहायचं. खडे बारीक कुटलेले असले तर झटकन पेट घेतात, जाड राहिले तर वाट बघायला लावतात. ग्लिसरीन गारठलं असेल तर विचारूच नका. एकदा मंत्र संपले तरी नारळ ढिम्म. मांत्रिक ‘ओम हायड्रोजन, हेलियम, लिथियम’ करत निऑनपर्यंत गेला, तेव्हा कुठे जांभळट जाळ उठला. टाळ्या बहुतेक आवर्तसारणीलाच पडल्या.

पण खरं भूत मिठाचं होतं. वाटीत स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस, त्यावर मूठभर मीठ. सगळ्यांदेखत पेटवायचं, दिवे घालवायचे. मिठातल्या सोडियमचा तो पिवळा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यात लाल किरण नाहीतच, मग लाल वस्तूने परत पाठवायचं काय? मुलींच्या वेण्यांतल्या लाल रिबिनी काळ्या पडायच्या. बाईंच्या कपाळावरचं कुंकू काळं, ओठ काळे, चेहरे राखेसारखे. शेजारची रोजची मैत्रीण ओळखू येईना. यात लपवाछपवी नव्हती. सर आधी सगळं सांगून मगच काडी ओढायचे, तरी पाचवीतलं कुणीतरी रडायचंच. मला वाटतं, म्हणूनच हा प्रयोग सगळ्यांत उजवा. बाकीच्यांत गुपित फुटलं की भीती जाते, इथे गुपितच नाही.

दिवे लागले की सरांचा नियम: ज्याने घाबरवलं, त्यानेच समजावून सांगायचं. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग उलगडतात, तीच रीत. घोंगड्यातला मांत्रिक इथे घामाघूम व्हायचा. पाचवीची पोरं त्याला सोडत नसत. “मग बाबा लोक खोटं का सांगतात?” या प्रश्नावर तो हमखास सरांकडे बघायचा आणि सर हमखास खिडकीबाहेर.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या निम्म्या वर्गाचे रुमाल पिवळे आणि पालकांच्या चिठ्ठ्या हजर. हळदीचा डाग साबणाने जातो म्हणून घासावा, तर तो आणखी लाल. पुढच्या वर्षीपासून बाईंनी नोटीस लावली: २८ तारखेनंतर आठवडाभर घरच्या हळदीच्या डब्याला हात लावू नये. ती कुणी पाळली असेल असं वाटत नाही.